जुनं २० डॉलरचं नाणं पाण्यातही तोला
लिबर्टी छापाच्या (१८५०–१९०७) अमेरिकन नाण्याचं नुसतं वजन जुळलं म्हणून ते सोन्याचं ठरत नाही. जाडी वाढवली की हलका धातूही काट्यावर खपतो.

१. नाणं तोला: ३३.४४ ग्रॅम हवं, झिजलेलं किंचित कमी.
२. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा.
३. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, कुठेही टेकू देऊ नका. चिकटलेले बुडबुडे झटका, त्यांनी आकडा फुगतो. साधारण १.९४ ग्रॅम (नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन) आलं तर ९० टक्के सोन्याशी मेळ बसतो.

नाणं टिपून कोरडं करा, अजिबात घासू नका.

मात्र खऱ्या सोन्याची नकली नाणीही असतात, आणि गरुडाखाली कार्सन सिटी टांकसाळीचं ‘सीसी’ हे चिन्ह मागाहून चिकटवलेलं असू शकतं. तिथे भिंगाने सांधा शोधा. दुर्मीळ नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखणाऱ्या कंपन्यांकडून तपासलेलंच घ्या.