जगबुडीवर एकांकिका बसवायचीय? मग विषय कोल्हापुरातच शोधा

स्पर्धा जवळ आल्या की अंधश्रद्धेवर एकांकिका निघतातच आणि दरवेळी तोच खोटा बाबा, शेवटी त्याला पोलीस पकडतात. प्लीज असं करू नका, भीती कशी पसरते ते दाखवा.

विषय एकच घ्या. प्लेगची साथ, शाहू महाराजांच्या वेळचं वेदोक्त प्रकरण, अष्टग्रही सगळं पाऊण तासात कोंबलं की काहीच पोचत नाही. माझं मत अष्टग्रहीला. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२, मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून जग बुडणार अशी देशभर हवा झालेली, ठिकठिकाणी यज्ञ, जप चाललेले. तेव्हा शाळेत असलेले आजी-आजोबा अजून भेटतात, पहिलं त्यांच्याकडं जा. "खरं वाटायचं का?" असं विचारलं की लाजून नाही म्हणतात, त्यापेक्षा त्या दिवशी घरात जेवायला काय केलेलं, रात्री कोण जागं होतं ते विचारा. मग करवीर नगर वाचन मंदिरात जुन्या पेपरांची चौकशी करा.

प्रलयात अंबाबाईनं करवीर म्हणजे आपलं कोल्हापूर उचलून धरलं ही आपल्याकडची आख्यायिका, ती एका आजीच्या तोंडी मनापासून येऊ द्या. "आई हाय न्हवं, मग कशाला भ्यायचं?" ही धीर देणारी श्रद्धा आधी दिसली तरच पुढचं अंगावर येतं.

पुढचं म्हणजे यज्ञाची वर्गणी. गल्लीतला एक शिंपी देत नाही. आधी समजावतात, मग बोलणं बंद, मग "तुझ्यापायी समदी गल्ली बुडंल." धर्मवेड इथं सुरू होतं, आणि हे वाक्य व्हिलनला देऊ नका, शिंप्याच्या जिवलग दोस्ताला द्या. तालमीचा जास्त वेळ याच सीनला. आरडाओरडा नको, दारात चौघं उभी, चप्पल कोणी काढत नाही, आत मशीन चालू आणि शिंप्याला सुईत दोरा ओवता येत नाही, एवढ्यावर प्रेक्षक गप्प होतात.

५ तारीख टळली म्हणून पडदा पाडू नका. ६ ची सकाळ पाहिजेच: सगळे म्हणतात यज्ञामुळं वाचलो, आणि शिंप्याकडं कपडे टाकायला कोणी फिरकत नाही.

होमासाठी खरा विस्तव अजिबात नको, केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला जळताना आपण बघितलंय. लाईट आणि मंत्रांचा आवाज पुरतो. आणि संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडं, लवकर पाठवा, सर्टिफिकेटसाठी ऐनवेळी पळापळ नको.