पंचमला ‘चोर’ म्हणणाऱ्याशी कसं बोलावं

इचलकरंजीत मी बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात साइड रिदम वाजवली. कोंगो, बोंगो, खुळखुळे, डफली, जे हातात देतील ते. गणपतीत तर रोज रात्री एक प्रोग्रॅम, आणि प्रत्येक प्रोग्रॅमात निम्मी गाणी हिंदी सिनेमाचा संगीतकार राहुलदेव बर्मन, म्हणजेच पंचमची. साहजिकच या माणसाची बाजू घेऊन भांडायची वेळ माझ्यावर पुष्कळदा आली. पहिली काही वर्षं मी सगळी भांडणं हरलो, कारण मी नुसता आवाज चढवायचो. ‘पंचम म्हणजे देव’ असं म्हटलं की समोरचा गालात हसतो आणि पान लावायला घेतो. पुढचं सगळं हरून हरून शिकलोय.

पहिलं काम म्हणजे समोरच्याला एका आरोपावर बसवा. लोक एका दमात सगळं बोलतात: इंग्रजी चाली ढापल्या, काम असिस्टंटनी केलं, नुसता गोंगाट, रागदारीचा पत्ता नाही, आणि शेवटी शेवटी तर संपलाच होता. तुम्ही एकाचं उत्तर द्यायला लागलात की तो दुसऱ्या फांदीवर. मी सरळ विचारतो, “यातलं आज कुठलं घ्यायचं?” चहा संपेपर्यंत तेवढंच.

चोरीचं काढलं, तर त्याच्या आधी तुम्ही कबूल करा. नावानिशी करा. ‘शोले’तल्या (१९७५) ‘महबूबा’ची चाल डेमिस रूसोसच्या ‘से यू लव्ह मी’ची आहे. ‘हम किसी से कम नहीं’मधलं (१९७७) ‘मिल गया हमको साथी’ ‘आबा’ या स्वीडिश बँडच्या ‘मामा मिया’वरून आलंय. ‘परिंदा’तलं (१९८९) ‘तुमसे मिलके’ म्हणजे लिओ सेअरचं ‘व्हेन आय नीड यू’. ही यादी तुमच्याच तोंडून आली की समोरच्याच्या खिशातला दगड तिथंच राहतो. निर्माता-दिग्दर्शकांनी हट्ट धरला होता वगैरे गोष्टी खऱ्या असतील, पण त्यांच्याआड लपू नका. नाव पडद्यावर पंचमचं आलं ना, मग जबाबदारीही त्याचीच. त्यानंतर शांतपणे एवढंच विचारा, की तीनशेहून जास्त सिनेमांतली आणखी किती गाणी तुम्ही अशी मूळ गाण्यासकट दाखवू शकता? बहुतेक जण चार-सहावर थांबतात. कुणी वीस दाखवली तर ती ऐका, उगाच नाकारू नका. वीस गेली तरी आपल्याकडे उरतं ते कमी नाही.

आणि कृपा करून ‘आराधना’ आणू नका. आपल्यातल्या प्रत्येक भक्ताला ती सगळी गाणी मुळात पंचमचीच होती हे सांगायची खाज असते. सिनेमा १९६९ चा, संगीतकार सचिनदेव बर्मन, मुलगा सहायक. घरात बसून कुणी काय सुचवलं ते तुम्ही-आम्ही पाहिलेलं नाही. एकाची चोरी खोडायला निघालो आणि त्याच्याच बापाची गाणी पळवली, असं नको व्हायला. त्यापेक्षा ‘सोलवाँ साल’मधल्या (१९५८) ‘है अपना दिल तो आवारा’त माउथ ऑर्गन ऐकवा. तो पंचमनं वाजवलाय. पोरगा तेव्हा विशीच्याही आत होता.

आता गोंगाटवाले. हे म्हणतात, ग्लास-बाटल्या वाजवल्या, कंगवा घासला, त्यात संगीत कसलं? यांच्याशी तोंडानं बोलून उपयोग नाही. यांना वाजवायला लावायचं.

माझी गोष्ट सांगतो. आमच्या बँडमध्ये ‘चुरा लिया’ बसवायचं होतं. सुरुवातीला काचेचा तो किणकिण आवाज आहे ना, तो पंचमनं कप-बशांतून काढलाय. मला वाटलं, यात काय अवघड, कॅन्टीनमधला कटिंगचा ग्लास आणि चमचा घेऊ. तालमीत मारला, तर ‘ठक्’. काच जाड, नाद अजिबात नाही. मग घरातून बायकोच्या लग्नातला कप-बशीचा सेट चोरून आणला. नाद सुरेख, पण आमच्या गिटारिस्टच्या कॉर्डशी भांडत होता. कपात चमच्या-चमच्यानं पाणी घालत गेलो, पाणी वाढलं की सूर उतरतो. तिसऱ्या कपावर कुठं तो गिटारमध्ये मिसळला. प्रोग्रॅमच्या रात्री मंडळाच्या पोरानं पाणी ओतून कप पुसून ठेवला, मी घाईत जोरात मारला आणि माइकमधून सगळ्या गल्लीला ‘खळ्ळ’ ऐकू गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, घरी काय झालं ते सांगत नाही. पण त्या दिवशी मला कळलं, की कप वाजवणं ही कल्पना नाहीच. कुठला कप, किती हलका, गिटारच्या किती आधी आणि त्यानंतर किती जागा रिकामी सोडायची, ही कल्पना आहे.

म्हणून गोंगाटवाल्याला हेडफोन द्या. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीच पोचत नाही, उलट त्याचंच म्हणणं खरं वाटतं. ‘पडोसन’मधलं ‘मेरे सामने वाली खिडकी में’ लावा आणि सांगा, शब्द सोडून दे, खरखर कुठे येते तेवढं बोटावर मोज. कंगवा खरबरीत जागेवर घासलेला आहे तो. दोन कडव्यांनंतर माणूस स्वतःच मान हलवायला लागतो.

असिस्टंटचा मुद्दा आमच्या लाइनीतले लोक जास्त काढतात. बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि आपले मारुतीराव कीर. रिदमवाला म्हणून मलाही मारुतीरावांना सगळं श्रेय द्यायला आवडेल, मराठी माणूस म्हणून तर आणखीच. त्यांचं काम मोठं होतं हे आधी म्हणा, मनापासून म्हणा. मग ‘सबसे बडा रुपैया’ (१९७६) लावा, संगीत बासू-मनोहारी. गाणी चांगली आहेत, मला आवडतात. पण ती ऐकल्यावर संगीतकाराच्या खुर्चीवर कोण बसलंय यानं काय फरक पडतो, ते वेगळं सांगावं लागत नाही.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे रागदारीवाले. आमच्या गल्लीत एक गाण्याचे मास्तर होते, पेटीवर पोरांना भूप शिकवणारे. मला बघितलं की म्हणायचे, “काय रे, तुझ्या त्या बाटलीवाल्याला यमन तरी माहीत होता का?” मी बरेच दिवस वाद घातला. ‘रैना बीती जाए’चा मुखडा तोडीचा आणि अंतऱ्यात खमाज, असं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. मास्तर म्हणाले, “पुस्तकात वाचलंस. गाऊन दाखव.” मला येईना. तिथं कळलं, की जे आपल्याला स्वतःला ऐकू येत नाही ते हत्यार उचलू नये.

मग मी दुसरा मार्ग धरला. ‘कुदरत’मधलं (१९८१) ‘हमें तुमसे प्यार कितना’ दोनदा आहे, एकदा किशोरकुमारचं आणि एकदा परवीन सुलताना यांचं. एका कॅसेटवर दोन्ही लागोपाठ भरून घेतली, आधी किशोर. मास्तर नेहमीसारखे खिडकीबाहेर बघत बसले. परवीनबाई सुरू झाल्या तशी मान वळली. भैरवी ओळखायला त्यांना एक ओळ पुरली. मी फक्त म्हणालो, “मास्तर, चाल तीच आहे. ज्याला शास्त्रीय येत नाही त्यालाही गाता येते, आणि जिला येतं तिलाही जागा पुरते.” ते काही बोलले नाहीत. रिवाइंड करायला सांगितलं.

‘संपला होता’ म्हणणाऱ्यावर फार वेळ घालवू नका. ऐंशीच्या दशकात त्यानं टाकाऊ कामही भरपूर केलं, हे मान्य करा. मग ‘मासूम’ (१९८३), ‘इजाजत’ (१९८७) आणि त्याच्या पश्चात आलेला ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’, एवढी तीन नावं घ्या. ‘मेरा कुछ सामान’साठी आशाताई आणि गुलजार दोघांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, चाल लावणाऱ्याला नाही, हेही सांगा. त्या गाण्याचे शब्द बघून पंचम गुलजारांना ‘उद्या वर्तमानपत्र आणून त्याला चाल लाव म्हणाल’ असं म्हणाल्याचा किस्सा मात्र नको, तो समोरच्यालाही पाठ असतो.

मास्तरांनी ती कॅसेट ठेवून घेतली. महिन्याभरानं परत दिली तेव्हा दुसऱ्या बाजूला मी भरलेलं ‘महबूबा’ पुसून त्यावर कुठलीशी ठुमरी भरलेली होती.