डी अँड डीमधले ऑप्शनल रूल्स: डीएमनो, या चुका टाळा

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ, आणि तो चालवणारा तो डीएम, डंजन मास्टर. मागच्या महिन्यात एका नव्या डीएमने त्याच्या हाउस रूल्सचं (स्वतःच्या टेबलापुरत्या नियमांचं) डॉक्युमेंट मला वाचायला पाठवलं. अकरा पानं. ग्रिटी रिअ‍ॅलिझम, फ्लँकिंग, लिंगरिंग इंज्युरीज, वजनाचे नियम, स्पेल पॉइंट्स, सगळं एकदम. विचारलं, किती सेशन्स झाली? म्हणाला, पहिलं येत्या रविवारी.

मिसळ चाखायच्या आधीच तिच्यावर लिंबू पिळणारी ही मंडळी मला दर दोन-तीन महिन्यांनी भेटतात. सगळा दोष त्यांचा नाही म्हणा. 2014च्या डंजन मास्टर्स गाइडचं (डीएमसाठीच्या नियमपुस्तकाचं) नववं प्रकरण हॉटेलच्या मेन्यूकार्डासारखंच आहे. कुणाला मारामारी हवी, कुणाला गोष्ट, कुणाला रानोमाळ भटकंती, प्रत्येकासाठी काही ना काही ठेवलंय. फक्त कुठला पदार्थ कशाबरोबर बाधतो हे तिथे फारसं लिहिलेलं नाही. आमचं टेबल अजून 2014च्याच नियमांवर चालतं, त्यामुळे पुढचं सगळं त्याबद्दल.

ग्रिटी रिअ‍ॅलिझम लावला, पण कॅलेंडर तेच ठेवलं

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या रूलमध्ये शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोटी विश्रांती, आठ तासांची होते आणि लाँग रेस्ट, म्हणजे सगळी ताकद परत देणारी मोठी विश्रांती, सात दिवसांची. वाचताना काय भारी वाटतं! जखमा जखमांसारख्या वाटतील, प्रवास प्रवासासारखा. मी नव्या कॅम्पेनच्या (अनेक सेशन्स चालणाऱ्या गोष्टीच्या) पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, तिसऱ्या लेव्हलची: फायटर (लढवय्या), रोग (चोरटा), वॉरलॉक (मांत्रिक) आणि क्लेरिक (जखमा भरणारी पुजारीण). कथानक असं की डोंगरावरच्या जुन्या गढीत एक पंथ अमावास्येला विधी करणार आहे. अमावास्या चार दिवसांवर.

आता हिशोब बघा. एक स्पेल (मंत्र) टाकला की एक स्लॉट खर्च. तिसऱ्या लेव्हलच्या क्लेरिककडे पहिल्या लेव्हलचे चार स्लॉट आणि दुसऱ्या लेव्हलचे दोन, एकूण सहा. बाईंनी सकाळी बाकी तिघांवर एड (बळ वाढवणारा स्पेल) टाकला. गढीच्या दाराशी पहिली चकमक झाली, त्यात ब्लेस आणि स्पिरिच्युअल वेपन गेले. पुढच्या दोन चकमकींत तीन क्युअर वूंड्स. संपलं. दुपारचे बारा पण वाजले नव्हते. रात्री आठ तास झोप काढली, वॉरलॉकचे दोन्ही स्लॉट परत, फायटरचा सेकंड विंड परत. क्लेरिकच्या हातात भोपळा. एडचा असर आठच तास टिकतो, म्हणजे झोपायच्या आधीच तोही उतरला होता, आणि तो स्लॉट परत यायला सात दिवस. जग चार दिवसांत बुडणार.

त्या दिवशी चाळीस मिनिटं फक्त "परत गावात जायचं का" यावर खल झाला. पुढच्या सेशनला क्लेरिक चालवणारी मैत्रीण मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. त्याच्या पुढच्या सेशनला नवीन कॅरेक्टर शीट घेऊन आली. म्हणाली, "क्लेरिकला दरीत ढकल, मी फायटर आणलाय. बार्बेरियन आणणार होते, पण त्याच्या रेजसुद्धा आठवड्याला तीनच."

तिने रूल माझ्यापेक्षा नीट वाचला होता.

घोळ रूलमध्ये नव्हता. दोन लाँग रेस्टच्या मध्ये मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकी पार्टी झेलू शकते, असा गाइडचा अंदाज आहे. ग्रिटी रिअ‍ॅलिझम त्याच चकमकी एका दिवसाऐवजी आठवडाभर पसरतो. चकमकी तितक्याच, फक्त दोघींमध्ये प्रवास, राजकारण, वाट बघणं. मी त्यातल्या तीन एका सकाळीत कोंबल्या आणि वर अमावास्येची टांगती तलवार ठेवली. एकामागून एक खोल्यांच्या डंजनमध्ये हा रूल लावू नका. महिनाभराच्या प्रवासात लावा, आणि लावलात तर आठ तास टिकणाऱ्या स्पेल्सची मुदत वाढवा. मी आता मधलाच मार्ग धरलाय: लाँग रेस्ट फक्त वस्तीत, डोक्यावर छप्पर असेल तरच, आणि सलग दोन रात्री. पुस्तकात असं कुठेही नाही. आमच्याकडे चालतं.

त्याच्या जोडीला स्लो नॅचरल हीलिंगही (विश्रांतीने जखमा आपोआप न भरण्याचा रूल) लावणाऱ्यांना मी काही सांगत नाही. त्यांनी एकदा क्लेरिक खेळून बघावं.

फ्लँकिंग: सगळ्यांच्या आवडीचा, माझ्या नावडीचा

शत्रूच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना दोघे उभे राहिले की दोघांनाही त्याच्यावरच्या मेली (हातघाईच्या) हल्ल्याला अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोनदा फासा टाकून मोठा आकडा धरायचा. व्हिडिओत बघून आलेले खेळाडू हा आपोआप मिळतो असंच धरून चालतात. नाही मिळत, ऑप्शनल आहे.

होतं काय, की चौथ्या राउंडपर्यंत मॅटवर खो-खोची पाटी बसलेली असते: आपला, गॉब्लिन, आपला, गॉब्लिन. कारण समोर जाऊन उभं राहायला जवळजवळ काहीच मोजावं लागत नाही. शत्रूच्या पोहोचीतून बाहेर न पडता त्याला वळसा घातला तर ऑपॉर्च्युनिटी अटॅकसुद्धा (निसटणाऱ्यावर बसणारा फुकटचा वार) नाही. आणि मिळतं केवढं! डी-ट्वेंटीवर, म्हणजे वीस बाजूंच्या डाइसवर, 11 लागत असेल तर 50 टक्क्यांचे थेट 75 टक्के. अ‍ॅडव्हान्टेज एकावर एक चढत नाही. एकदा तो असा फुकट मिळायला लागला की तो कष्टाने मिळवणारे सगळे येडे ठरतात. बार्बेरियन रेकलेस अटॅक करतो तेव्हा बदल्यात स्वतःवरच्या हल्ल्यांनाही अ‍ॅडव्हान्टेज देतो. तो सौदा आता कोण करेल? अ‍ॅडव्हान्टेज देणारा फेअरी फायर स्पेल कोण टाकेल? लांडग्यांची पॅक टॅक्टिक्स (साथीदार शत्रूजवळ असला की अ‍ॅडव्हान्टेज) तर निव्वळ शोभेची राहते.

मी अ‍ॅडव्हान्टेजऐवजी +2 देतो. कुणी कुरकुर केली की लांडगेसुद्धा फ्लँक करू शकतात याची आठवण करून देतो.

जखमा नायकांनाच भोवतात

लिंगरिंग इंज्युरीजच्या (मागे राहणाऱ्या जखमांच्या) तक्त्यात डी-ट्वेंटीत 1 आला तर डोळा, 2 आला तर हात, 3 आला तर पाय गेला. क्रिटिकल (हल्ल्यात फाशावर 20) बसला की या तक्त्यावर रोल, असं बरेच जण ठरवतात. आठ गॉब्लिन एका राउंडमध्ये आठ हल्ले करतात, त्यात निदान एक 20 पडायची शक्यता साधारण 34 टक्के. गॉब्लिनचा हात तुटला तर तो दोन राउंडनी मरणारच असतो. तुमच्या रोगला मात्र तो तुटका हात घेऊन अख्खी कॅम्पेन काढायची असते, आणि तो परत आणणारा रीजनरेट हा सातव्या लेव्हलचा स्पेल आहे, म्हणजे क्लेरिक तेराव्या लेव्हलला पोचेपर्यंत थांबा. माझ्याकडे हिट पॉइंट्स (उरलेला जीव) शून्यावर गेल्यावरच रोल होतो आणि 1 ते 3 मी तक्त्यातून कापलेत. 17 ते 20 चा छोटा व्रण लोक हौसेने मागून घेतात.

बाकीच्या, थोडक्यात

1 पडला की तलवार हातातून निसटते, हा रूल पुस्तकात नाहीच. अकराव्या लेव्हलचा फायटर एका टर्नमध्ये तीन हल्ले करतो, म्हणजे नवख्यापेक्षा तोच जास्त वेळा तलवार टाकणार. बंद करा.

साइड इनिशिएटिव्ह (एका बाजूच्या सगळ्यांनी आधी पाळी घ्यायची, मग दुसऱ्या) पहिल्या लेव्हलला लावू नका. गॉब्लिन जिंकले तर तुमचा विझार्ड पहिली टर्न न घेताच आडवा.

हीरो पॉइंट्स (रोल वाढवायला खर्चायचे गुण) देताय तर लेव्हल वाढताना उरलेले पुसा. लोक साठवतात आणि शेवटच्या ड्रॅगनवर एकदम ओततात.

फीट्स (खास कसब) आणि मल्टिक्लासिंगही (एकाच पात्राचे दोन क्लास, जसं फायटर आणि क्लेरिक) 2014मध्ये ऑप्शनलच आहेत. खेळाडू कॅरेक्टर बनवायला बसण्याआधी सांगा, नंतर नाही.

वजनाचा नियम लावण्याआधी एकदा बेरीज करा. या व्हेरिएंटमध्ये स्ट्रेंग्थच्या पाचपट पौंडांपेक्षा ओझं जास्त झालं की वेग 10 फुटांनी घटतो. 16 स्ट्रेंग्थच्या फायटरची मर्यादा 80 पौंड. चेन मेल 55, एक्सप्लोरर्स पॅक 59, झाले 114, अजून तलवार-ढाल धरलीच नाही. म्हणजे गडी पहिल्या सेशनला घरातून निघतो तोच लंगडत. आम्ही मुक्काम सुटताना बॅगा गाढवावर लादतो आणि अंगावर फक्त चिलखत-शस्त्रं मोजतो. गाढवाचं नाव पार्टीने ठेवलंय, त्याच्यावर बाण टाकलेला त्यांना चालत नाही.

आणि कुठलाही रूल कायमचा म्हणून लावू नका. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर नवा रूल पेन्सिलीने लिहिला जातो, एका वेळी एकच, तीन सेशन्ससाठी. चौथ्याच्या आधी चहा पिताना हात वर करून मतदान होतं. माझं मतही एकच धरतात. फ्लँकिंगचा +2 तसाच वाचलाय, मी विरोधात असताना, चार विरुद्ध एक.