ग्लुटामेट रिसेप्टर शिकताना या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारात आमचा एक छोटा अभ्यासगट चालतो. एम.एस्सी.ची मुलं येतात. पेपर इंग्रजीत, मित्रांशी गप्पा गुजरातीत, आणि अडलं की माझ्याशी मराठीत. ग्लुटामेटचा, म्हणजे मेंदूतल्या मुख्य उत्तेजक रसायनाचा, धडा आला की प्रश्न जवळजवळ तेच येतात, आणि बहुतेकांचं मूळही एकच: प्रत्येक रिसेप्टरला, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या प्रथिनाला, एकेक काम वाटून दिलेलं असतं. ॲम्पा आणि एनएमडीए हे त्यांतले दोन प्रकार: ॲम्पा म्हणजे संदेश, एनएमडीए म्हणजे स्मृती. एवढ्यावर एका गुणाचा प्रश्न सुटतो, पण सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, बदलतो कसा हे काही कळत नाही.

एनएमडीएला ग्लुटामेट पुरतं, असं धरून चालणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. चेतापेशी स्वस्थ असताना तिच्या पटलावर साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतात. अशा वेळी ग्लुटामेट येऊन बसलं तरी एनएमडीए रिसेप्टरच्या वाहिनीत, म्हणजे आयन आत जाण्याच्या वाटेत, मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो आणि प्रवाह जेमतेम वाहतो. हे १९८४ मध्ये दोन वेगळ्या गटांनी दाखवलं. पटलावरचं व्होल्टेज शून्याच्या दिशेने सरकलं की हा बूच निघतो, आणि ते सरकवण्याचं काम बहुतेक वेळा शेजारचे ॲम्पा रिसेप्टर करतात. म्हणजे एनएमडीए एकाच वेळी दोन गोष्टी तपासतो: पलीकडच्या पेशीने ग्लुटामेट सोडलं का, आणि ही पेशी त्याच क्षणी उत्तेजित आहे का. एकत्र उत्तेजित होणाऱ्या पेशींमधला दुवा बळकट होतो, हा जो नियम मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये केवळ तर्काने मांडला होता, तो असा एका प्रथिनात सापडावा हे मला आजही विलक्षण वाटतं.

तिसरी अट मुलं हमखास विसरतात. ग्लायसिन किंवा डी-सेरिन सोबत असल्याशिवाय ही वाहिनी उघडतच नाही. ग्लुटामेट बसतं ग्लून-२ या उपघटकावर, ग्लायसिन ग्लून-१ वर. उत्तर अडलं तर आधी विचारा: या क्षणी व्होल्टेज किती? निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

कॅल्शियम आत आलं म्हणजे सिनॅप्स बळकट झाला

उघडलेल्या एनएमडीएतून कॅल्शियम आत येतं खरं, पण तसं नाही. तोच एनएमडीए, तेच कॅल्शियम, आणि परिणाम उलटा, असंही होतं. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित मेंदूभागाच्या सीए-१ पट्ट्यात सेकंदाला १०० या वेगाने थोडा वेळ स्पंदनं दिली तर कॅल्शियम एकदम उसळतं, कॅमकेटू हे एन्झाइम जागं होतं आणि जास्तीचे ॲम्पा रिसेप्टर सिनॅप्सवर येऊन बसतात. हे दीर्घकालीन बळकटीकरण, म्हणजे एलटीपी. उलट सेकंदाला एक या संथ गतीने ९०० स्पंदनं दिली तर कॅल्शियम थोडंसंच पण बराच वेळ वाढतं, कॅल्सिन्युरिनसारखी फॉस्फेट काढणारी एन्झाइमं वरचढ ठरतात आणि ॲम्पा रिसेप्टर आत ओढले जातात. ही एलटीडी, म्हणजे सिनॅप्स दीर्घकाळ दुबळा होणं. ड्युडेक आणि बेअर यांनी ती १९९२ मध्ये दाखवली. किती कॅल्शियम, किती वेळ, हे न लिहिता काढलेली आकृती मी परत देते.

इथेच आणखी एक गोंधळ होतो. एलटीपी बसल्यानंतर एपी-५ देऊन एनएमडीए बंद केला तर वाढलेला प्रतिसाद पुसला जातो का? नाही. एपी-५ आधी दिलं तर एलटीपी सुरूच होत नाही, नंतर दिलं तर ती टिकून राहते. सुरुवात एनएमडीएची, वाढीव ताकद मुख्यतः ॲम्पाची. हा एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा, समजलंय की नाही ते लगेच कळतं.

सीए-१ चा नियम मेंदूभर लावणं

ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये एलटीपीचं सविस्तर वर्णन केलं ते सशाच्या हिप्पोकॅम्पसमधल्याच डेंटेट गायरस या भागात. तिथून जवळच, सीए-३ या पट्ट्यातल्या मॉसी तंतूंच्या सिनॅप्सवर, एलटीपीला एनएमडीए लागतच नाही. तिथे बदल मुख्यतः ग्लुटामेट सोडणाऱ्या बाजूला होतो. लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशींमध्ये एलटीडीसाठी एमग्लू-१ लागतो. हा वाहिनी नसलेला, जी-प्रथिनामार्फत काम करणारा रिसेप्टर. असे एकूण आठ आहेत, आणि नोट्समध्ये त्यांना शेवटच्या ओळीत कोंबलेलं पाहून वाईट वाटतं. उत्तराच्या पहिल्या वाक्यात कोणता सिनॅप्स ते लिहा.

मंचुरियनमधलं अजिनोमोटो मेंदूत जातं

हा प्रश्न मुलांच्या घरून येतो, बहुधा आजीकडून. अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेटचंच मीठ. आहारातलं बरंचसं ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरतात आणि रक्तातलं ग्लुटामेट रक्त-मेंदू अडथळा सहसा आत जाऊ देत नाही. मेंदू आपलं ग्लुटामेट स्वतः बनवतो. भीतीचं एक मूळ जॉन ओल्नी यांच्या १९६९ च्या प्रयोगात आहे. पण त्यात नवजात उंदरांना मोठ्या मात्रेची इंजेक्शनं दिली होती. आजींना हे नीट समजावून सांगा, हसण्यावारी नेऊ नका.

मॉडेल चालतं, पण एलटीपी दिसत नाही

आता पुष्कळ जण पायथॉनमध्ये सिनॅप्सचं मॉडेल करतात. कमी-जास्त कशाही उत्तेजनाला सारखाच बदल दिसत असेल तर बहुतेक वेळा मॅग्नेशियमचं पद गळालेलं असतं. त्या बुचासाठी जार आणि स्टीव्हन्स यांचं १९९० चं समीकरण वापरा, मॅग्नेशियम १ मिलिमोलर ठेवा, आणि एनएमडीएचा प्रवाह विरुद्ध व्होल्टेज असा आलेख काढा. उणे ७० ला वाहकता जेमतेम चार-पाच टक्के हवी, आणि आत येणारा प्रवाह उणे ३० ते उणे २० च्या दरम्यान सर्वांत जास्त. सरळ रेषा आली तर बूच बसलेलाच नाही. आलेख बरोबर असूनही एलटीपी नसेल तर कॅल्शियम किती वेगाने ओसरतं ते बघा. तो आकडा मिलिसेकंदांऐवजी सेकंदांत भरलेला मला अनेकदा सापडला आहे.