ऑन्टारिओत भेदभावाची तक्रार करताना

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात येऊन आम्हाला चारच महिने झाले होते, तेव्हा एका घरमालकाने फोनवर ‘घर रिकामे आहे, संध्याकाळी या’ असे सांगितले आणि दारात आम्हाला पाहताच ते सकाळीच भाड्याने गेल्याचे सांगून दार लावून घेतले. तासाभराने माझ्या एका गोऱ्या सहकाऱ्याने त्याच नंबरवर फोन केला, तर घर रिकामेच होते. ‘परक्या मुलखात कशाला नसती भानगड’ म्हणून आम्ही गप्प बसलो आणि तक्रार करता येते हे कळेपर्यंत चौदा महिने उलटले. तक्रारीचा अर्ज शेवटच्या घटनेपासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. उशिराला सवलत मिळू शकते, परंतु ‘कायदा ठाऊक नव्हता’ एवढे कारण सहसा पुरत नाही.

इथली मानवी हक्क संहिता १९६२ सालची आहे. नोकरी, घर, सेवा, करार आणि कामगार किंवा व्यावसायिक संघटनांचे सदस्यत्व या पाच क्षेत्रांत ती वंश, वर्ण, मूळ देश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व इत्यादी कारणांवरून भेदभावास मनाई करते आणि वर्क परमिटवर आलेल्यांनाही तिचे संरक्षण आहे. मात्र मालकाच्या घरातच राहून स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर त्याच्याबरोबर वापरत असाल, तर घराविषयीची तरतूद लागू होत नाही.

अर्ज मानवी हक्क आयोगाकडे करायचा, असा पुष्कळांचा समज असतो. २००८ पासून तो थेट ‘ह्यूमन राइट्स ट्रायब्यूनल ऑफ ऑन्टारिओ’ या न्यायाधिकरणाकडे जातो आणि त्याला शुल्क नाही. बँका, विमान कंपन्या आणि दूरसंचार कंपन्या संघीय कायद्याखाली येतात. त्यांच्याविषयी कॅनडाच्या मानवी हक्क आयोगाकडे जावे.

अर्जाचा मजकूर लिहिताना आपली माणसे हमखास चुकतात, कारण आपण गाऱ्हाणे लिहितो. साहेब सगळ्यांवरच खेकसत असेल तर तो उद्धटपणा झाला, भेदभाव नव्हे; मिळालेली वागणूक आणि आपला वंश, धर्म किंवा मूळ देश यांचा संबंध दाखवावा लागतो. भेदभावाचा हेतू होता हे सिद्ध करावे लागत नाही, आणि अनेक कारणांपैकी वंश किंवा धर्म हे एक असले तरी पुरते. म्हणून ‘माझा फार अपमान झाला’ असे मोघम न लिहिता, ‘मंगळवारी दुपारी दोन वाजता, अमुक सहकाऱ्यासमोर, डबा उघडताच पर्यवेक्षक हे म्हणाला’ असे लिहावे आणि त्याचे शब्द त्याने उच्चारले तसेच, इंग्रजीतच नोंदवावेत.

घर दाखवताना आधी आडनाव, मग गाव आणि मग आडवळणाने जात विचारणारे आपलेच लोक इथेही भेटतात. जातीवरून होणारा भेदभावही संहितेच्या कक्षेत येतो, अशी भूमिका ऑन्टारिओच्या आयोगाने २०२३ मध्ये मांडली आहे.

अर्ज भरताना ‘ह्यूमन राइट्स लीगल सपोर्ट सेंटर’चा मोफत सल्ला घ्यावा. अर्ज पोहोचल्यावर समोरच्या पक्षाला उत्तरासाठी ३५ दिवस मिळतात. पुष्कळ प्रकरणे मध्यस्थीतच मिटतात, सुनावणीपर्यंत गेलेली मात्र रेंगाळतात. कुणाला शिक्षा होत नाही. बुडालेला पगार आणि मानहानीची भरपाई मिळू शकते. तक्रारीनंतर सूड म्हणून तुमच्या शिफ्टा कमी केल्या, तर तेही बेकायदेशीर आहे; त्या दिवसाचे वेळापत्रक लगेच जपून ठेवावे.