पट्टीवरच लिहा गोळीची वेळ

चोपड्याकडे केळीला रात्रीच्या लाईटवर पाणी भरायचं म्हटलं की गोळीची वेळ चुकतेच. आमच्या आप्पांच्या ५ दिवसांच्या अँटिबायोटिकमधल्या ४ गोळ्या फडताळात तशाच सापडल्या, फार वाईट वाटलं. तेव्हापासून घरात असं करतो:

१. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घ्यायचं नाही.

२. मेडिकलमधून लिहून दिलेल्या सगळ्या गोळ्या एकदम आणायच्या.

३. घरी येताच प्रत्येक गोळीमागच्या चंदेरी कागदावर मार्करने ‘सोम सकाळ’, ‘सोम रात्र’ असं लिहायचं. बॉलपेन नको, कागदाला भोक पडतं. राहिलेली गोळी आप्पांना चष्म्याविना सुद्धा कळते.

ताप उतरला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नका. आणि उरलेली गोळी शेजारच्या पोराच्या सर्दीला मुळीच देऊ नका. सर्दीच्या विषाणूवर ती चालतच नाही.