मेंढरू खातंय तरी खंगतंय? जोन्सची रक्त तपासणी कशी करायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

खातंपितं मेंढरू महिन्या-महिन्यानं वाळत चाललंय, लोकर ओढली की हातात येतेय, जंताचं औषध दोनदा पाजून झालं तरी पाठीचा कणा बोटाला टोचतोय, तर जोन्स ह्या आतड्याच्या रोगाचा संशय धरा. गाईला ह्या रोगात पिचकारीसारखी हगवण लागते म्हणून आपण मेंढीतही हगवणीची वाट बघत बसतो आणि तिथंच फसतो, मेंढीच्या लेंड्या बऱ्याचदा शेवटपर्यंत घट्टच असतात, फार तर मऊ होतात.

जंतू टीबीच्या जंतूचा भाऊबंद, राहतो आतड्यात. लागण होते कोकरू असताना, लेंड्यांनी माखलेल्या सडातून नाहीतर दुधातून, आणि रोग दिसतो दोन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा. मधल्या काळात शरीर पेशींच्या जोरावर लढत असतं, रक्तात अँटीबॉडी (जंतूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) जवळपास नसतातच, जंतू वरचढ झाला की मग त्या वाढतात. एलायझा ही रक्ताची टेस्ट अँटीबॉडी शोधते, जंतू नाही. म्हणून सहा महिन्यांच्या कोकराचं रक्त पाठवून पैसे घालवू नका.

दोन वर्षांच्या वरची, कळपातली सगळ्यात रोड मेंढरं निवडा. आधी पापणी उलटून बघा, पांढरीफटक असेल तर जंत नाहीतर लिव्हर फ्लूक (यकृतातला चपटा कृमी) असू शकतो, लेंड्या तपासून घ्या. जबड्याखाली पाणी उतरणं जोन्समध्येही दिसतं आणि जंत-फ्लूकमध्येही, त्यामुळं नुसत्या त्याच्यावर जाऊ नका.

रक्त डॉक्टरांकडूनच काढून घ्या, मानेच्या शिरेतून ५ मिली, लाल बुचाच्या साध्या नळीत. नळीवर बिल्ल्याचा नंबर तिथल्या तिथं लिहा. आम्ही एकदा अंधारात घाईघाईनं बारा नळ्या भरल्या, नंबर घरी जाऊन टाकू म्हटलं, आणि घरी आल्यावर कुठली नळी कुणाची तेच कळेना, सगळं परत करावं लागलं. नळी हलवायची नाही, सावलीत तिरपी ठेवायची, काही तासांत फिकट पिवळं सिरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) वर येतं ते वेगळं काढून बर्फाच्या डब्यात पाठवायचं. सिरम लालसर झालं तर नमुना खराब समजा. पुण्याला औंधची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, पण तिथं नमुने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवा, सोबत वय, लक्षणं आणि लस दिली का ते लिहा. जोन्सची लस दिलेलं जनावर ह्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि अंगावर पुवाच्या गाठी येणाऱ्या रोगामुळंही कधीकधी गोंधळ होतो.

आता रिपोर्ट. पॉझिटिव्ह आलं आणि मेंढरू खंगलेलं असेल तर बहुतेक खरंच आहे. निगेटिव्ह आलं तर मात्र सुटलो म्हणू नका! लागण झालेल्या पण वरून धडधाकट मेंढरांत एलायझा निम्म्याहून जास्त चुकवते, आणि अगदी शेवटाला टेकलेल्या जनावरातही अँटीबॉडी कधीकधी कमी होतात. त्यामुळं रक्त तपासणी ही एका मेंढीसाठी कमी आणि कळपासाठी जास्त कामाची असं माझं ठाम मत आहे. दहा रोड मेंढरांत दोन-तीन पॉझिटिव्ह आली की कळपात रोग आहे असंच धरून चाला. एजीआयडी नावाची जेलवरची जुनी टेस्ट पण आहे, लक्षणं दिसणाऱ्या मेंढीत ती चांगली चालते, रेघ उमटायला एक-दोन दिवस लागतात.

खात्री करायची तर लेंड्यांचा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) करा. एखादं दगावलं तर पोस्टमॉर्टेम करून घ्या, लहान आतड्याचं शेवटचं टोक जाड झालंय का आणि त्याच्या कडेच्या गाठी सुजल्यात का ते बघायला सांगा, तुकडा फॉर्मेलिनमध्ये लॅबला द्या.

ह्याच्यावर खात्रीचा उपचार नाही. पॉझिटिव्ह मेंढी कळपातून काढा, बाजारात दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका, तिची कोकरं पैदाशीला ठेवू नका आणि बाकीच्यांची सहा महिन्यांनी परत तपासणी लावा.